विहिरीवरचं कुलूप

बायकोच्या पायातली जोडवी काळी पडली, तेव्हा आमच्या ध्यानात आलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

विहिरीवर धुणं धुवायला बसायची ती. मोटर चालू करायची आणि पाइपाच्या धारेखाली पाय सोडून कपडे आपटायची. जोडवी चांदीची, लग्नातली. आधी ती पिवळट झाली, मग तांब्यासारखी, आणि एक दिवस बघतो तर कोळशाच्या रंगाची. तिनं राखेनं घासली, चिंचेनं घासली. घासली की उजळायची, विहिरीवर जाऊन आली की पुन्हा काळी.

वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं, सोनाराकडं द्यायची. पण आमच्या बायकांना जोडवी म्हणजे पायातला दागिना नाही. तो नवरा आहे. जोडवी काळी पडायला लागली आणि ती माझ्याकडं बघायला लागली. मी जेवताना बघायची. दुपारी आडवा झालो तर जवळ येऊन छाती वरखाली होतीय का बघायची.

"काय बघतीस? अजून मेलो न्हाई," मी एकदा म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "आवं, तिन्हीसांजचं काय पण बोलू नका."

आमची वस्ती हिंजवडीच्या कडेला. आता कुणी पत्ता विचारला तर अमक्या कंपनीच्या मागं सांगावं लागतं. तेव्हा कंपनीवाले आमच्या शेताच्या पुढं म्हणून सांगत. माझी शाळा चौथीपर्यंत. मास्तरांनी विनाकारण हात उगारला, मी पाटी त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि घरी आलो. घरच्यांनी मारलं, तरी परत गेलो नाही. तेव्हापासून माझं असं झालं आहे की कुणी काही शिकवायला लागलं की आधी राग येतो आणि कळतं ते नंतर. हा स्वभाव मी लपवत नाही. या स्वभावावर मी घर चालवलं आहे.

ती विहीर आम्ही दोघांनी पाडली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. खाली मी पहार आणि घण घेऊन, वर ती. मी पाटी भरायची, तिनं दोरानं ओढून घ्यायची. मुरूम संपला, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक लागला, त्याच्या खाली काळा पाषाण. त्याला सुरुंग लावायला माणसं आणली, पण फुटलेला दगड उचलला तो आम्हीच. एका जागी खडकात पोकळी निघाली आणि आत साखरेच्या खड्यांसारखे पांढरे सुळके. ती म्हणाली, "बया, दगडाच्या पोटात दागिनं." पाणी लागलं ते तिच्या पायाला. जेवण घेऊन खाली उतरली होती, एकदम ओरडली, गार लागलं म्हणून. बघतो तर फटीतून झरा. त्या पाण्यात डाळ एका उकळीत शिजायची. पाहुणे आले की आधी पाणी मागायचे, मग चहा.

पुढं जमिनी गेल्या. आमच्या भाताच्या खाचरांवर काचेच्या इमारती आल्या, त्याबद्दल रडगाणं मी गाणार नाही. दिल्या आम्ही, राजीखुशीनं म्हणा, कशानं म्हणा. पण ओढ्याच्या कडेला आसरांचे सात दगड होते, शेंदूर लावलेले. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. वर्षातून एकदा बायका त्यांना दहीभात आणि हिरवा खण वाहायच्या. बुलडोझर आला त्या सकाळी ही पाटी घेऊन एकटी गेली आणि सातही दगड डोक्यावरून घेऊन आली. विहिरीच्या काठावर मांडले, शेंदूर लावला, नारळ फोडला. देव हलवायचा तर आधी कौल लावायचा असतो, देवाला विचारायचं असतं. पण बुलडोझरवाला कौल मिळेपर्यंत थांबणार होता का?

राहिलेल्या जागेत मी खोल्या बांधल्या. पोरं राहायला आली, कंपनीतली. नागपूरकडची, अमरावतीकडची, चंद्रपूरची. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, सकाळी कंपनीची बस आणि संध्याकाळी ती बस कुठं अडकली आहे त्याची चौकशी. माझ्याशी ती बिचकून असायची. मी खोलीत चपला घालून फिरणाऱ्याला आणि नळ चालू ठेवणाऱ्याला सोडत नव्हतो. बायकोला मात्र सगळी मावशी म्हणायची. कुणाला ताप आला की हिचा काढा. कुणाला घरची आठवण आली की हिची भाकरी.

गणपतीत खोल्याखोल्यांतून गणपती बसायचे. पहिल्या वर्षी एक पोरगा टॉवेलात मूर्ती धरून आला. "मावशी, बाप्पा शिरवाचा हाय. कुठी नेऊ जी? मुठा तर लय लांब हाय."

त्यांच्याकडं विसर्जनाला शिरवणं म्हणतात. हिला ऐकूनच हसू आलं. "कुठं लांब नेतोस लेकरा? आपली हीर हाय की. आसरा हायेत. त्या सांभाळतील तुझ्या देवाला."

तिथून पायंडा पडला. पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीतली पोरं आली, त्याच्या पुढच्या वर्षी सोसायटीवाले वाजतगाजत आले, ट्रॅक्टरवर माणसाएवढी मूर्ती घेऊन. त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला. माझ्या विहिरीवर एवढी माणसं आरती म्हणताहेत, मला काय वाईट वाटणार होतं? आणि वर्षभर निर्माल्य. देवाची उतरलेली फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत, पाण्यात सोडावीत, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. सगळ्या खोल्यांतली फुलं पोरं तिच्या टोपलीत आणून टाकायची. ती रोज सकाळी नेऊन विहिरीत सोडायची, काठावर उभी राहून हात जोडायची, आणि एकेका पोराचं नाव घेऊन म्हणायची, याला नोकरीत टिकव, याचं लगीन जमव.

तिकडं शेत नाही म्हणून विहिरीचा उपसा बंद झालेला. प्यायला बोअर आणि महापालिकेचं थोडं थोडं पाणी. विहीर फक्त धुण्याला. नुसती उभी.

आधी साबणाला फेस येईना. मग एकदा तिनं हट्टानं विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली, ती शिजता शिजेना. मग वास. कुजक्या अंड्याचा वास, मोटर चालू केली की घरापर्यंत. आणि मग जोडवी.

भावकीतल्या म्हाताऱ्या जमल्या. नाकाला पदर लावून विहिरीत बघून आल्या. एकीनं विचारलं, "आसरा हलवल्या तवा कौल लावला व्हता का गं?"

हिनं मान हलवली, नाही म्हणून.

"मग त्या रुसल्या. आणि जोडवी काळी करत्यात म्हंजी कुणावर रुसल्या ते दिसतंच हाय." असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी तिथं नव्हतोच.

मी शिव्या देऊन त्यांना घालवलं. पण गोष्ट तिच्या मनात शिरली ती शिरलीच. मंगळवार-शुक्रवार आधीपासून होते. आता ती रोजच एकवेळ जेवायला लागली. चपला सोडल्या. तिला साखरेचा आजार, गोळ्या चालू, डॉक्टरनं उपाशी राहू नका म्हणून बजावलेलं. मी ओरडलो, ताट समोर ठेवून बसलो, दोन दिवस मीही जेवलो नाही. ती म्हणाली, "तुम्ही जेवा. तुमच्यासाठीच चाललंय." एका सकाळी दगडांपुढं फुलं वाहताना चक्कर येऊन पडली. आणखी हातभर पुढं असती तर विहिरीत गेली असती.

माझी सून तेव्हा नवी होती. बी.एस्सी. शिकलेली. ती मला हळूच म्हणाली, "आबा, पाणी तपासून आणा ना. शहरात तपासून देतात."

मला राग आला. मग कळलं.

बुधवार पेठ मला मोटरच्या सामानासाठी पाठ होती. तिथून जवळच एका गल्लीत, जिना चढून, ती पाणी तपासायची जागा. आत एक बाई, माझ्या मुलीच्या वयाची, पांढरा कोट, चष्मा. मी बाटली टेबलावर ठेवली.

"ही बाटली कसली?"

"पाण्याची."

"त्याच्या आधी कसली?"

"सरबताची असंल. पोरांनी दिली."

"मग मी पाणी तपासू की सरबत? आपण सांगाल ते तपासते."

शहरात असंच. तोंडावर अपमान करतात आणि वर आपण म्हणतात. मी उठलोच होतो. पण पायरीवर उभा राहिलो, घरी ती उपाशी आहे हे आठवलं आणि परत आत गेलो. शाळेत परत गेलो नव्हतो, तिथं गेलो.

तिनं स्वच्छ बाटल्या दिल्या. वरचं पाणी वेगळं, तळाचं वेगळं, तोंडापर्यंत भरायचं, आत हवा ठेवायची नाही. "आणि भरलं की थेट इकडं. वाटेत चहाला थांबू नका."

थांबलो नाही.

निकाल घ्यायला गेलो तेव्हा तिनं मला बसवलं, पाणी दिलं. मी कागद हातात घेतला आणि परत तिच्याकडं सरकवला. ती कागदाकडं न बघता बोलायला लागली.

"आजोबा, विहिरीत आपण काय टाकता?"

"काही नाही. विहिरीत कोण काय टाकंल?"

"गणपती?"

"ते टाकत न्हाईत. विसर्जन करतात."

"बरं. किती विसर्जन केलेत? शाडूचे की प्लास्टरचे?"

"देवाला काय विचारायचं, तू कशाचा म्हणून?"

ती हसली नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, पाणी कधी नुसतं पाणी नसतं. ज्यातून जातं त्याचं थोडं थोडं विरघळवून घेऊन येतं. तुमच्या काळ्या खडकातून चुना येतो, थोडं लोखंड येतं, आणखी काही काही येतं. पाण्याला चव असते ती त्याचीच. मी तिला खडकातल्या पोकळीतले पांढरे सुळके सांगितले. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "ते पाण्यानंच केलेले असतात. खडकातून काढायचं आणि रिकाम्या जागेत नेऊन मांडायचं. आपण बघितलेत ते? मला हातात घ्यायला आवडलं असतं."

मग ती मुद्द्यावर आली. प्लास्टर पाण्यात हळूहळू विरतं. त्यातून चुना आणि गंधक पाण्यात उतरतं. म्हणून डाळ शिजत नाही, फेस येत नाही. फुलं, हार, नारळ तळाला जाऊन कुजतात. कुजायला हवा लागते, पाण्यात विरलेली. ती हवा संपली. उपसा नाही, नवं पाणी नाही, म्हणून खालपर्यंत नवी हवा जात नाही. मग तळाशी बिनहवेचे जीव वाढतात. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. ते हवेच्या जागी त्या प्लास्टरच्या गंधकावर जगतात, आणि त्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो.

"तोच वायू चांदी काळी करतो," ती म्हणाली. "आणि खडकातल्या लोखंडाला भेटला की गाळ काळा करतो. नुसतं प्लास्टर असतं तर पाणी जड झालं असतं. नुसती फुलं असती तर वास आला असता, पण एवढा नाही. दोन्ही एकत्र आलं."

"आता काय करायचं?"

"गाळ काढायचा. उपसा चालू ठेवायचा. आणि आत काही टाकायचं नाही. फूलसुद्धा नाही. विहीर सावरेल आपली आपण."

"कधीपर्यंत?"

"ते तिलाच विचारा."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. बस कंपन्यांच्या बसगाड्यांत अडकली. विचार करायला वेळ मिळाला, नको तेवढा.

घरी जाऊन काय सांगायचं? आसरा रुसल्या नाहीत, हे सांगायचं होतं. तुझा नवरा मरणार नाही, ही चांदी आहे आणि तो वायू आहे. पण तेवढ्यावर ती थांबली नसती. ती विचारणार, मग वायू कशानं झाला? आणि मी सांगणार, तुझ्या फुलांनी. तुझ्या देवांनी. तू आई होऊन एवढ्या लेकरांचं निर्माल्य पाण्यात सोडलंस, त्यानं. जी विहीर तू डोक्यावर दगड वाहून पाडलीस, ती तूच रोज सकाळी हात जोडून मारलीस. मला ती माहीत होती. मांजर दारात मेलं तरी माझ्याच हातून काही चुकलं असेल म्हणणारी बाई. एक ओझं उतरवून मी दुसरं ठेवणार होतो, आणि ते दुसरं तिनं मरेपर्यंत उतरवलं नसतं.

घरी आलो. ती दगडांपाशीच बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "चूक माझी झाली."

तिनं माझ्याकडं बघितलं ते अजून डोळ्यापुढं आहे.

"खोल्यांच्या संडासाचा खड्डा मी हिरीच्या लय जवळ घेतला. त्याचं पाणी झिरपतंय. त्याचा वायू हाय, त्यानं चांदी काळी व्हती. बाई कागद दाखवत व्हती मला. आसरांचं काय न्हाई यात. मी चुकलो."

जन्मात मी कधी मी चुकलो म्हणालो नव्हतो. बापाला नाही, मास्तरांना नाही, तिला तर नाहीच. म्हणून तिला ते तिथल्या तिथं खरं वाटलं. ती आधी हसली आणि मग रडली. "आवं, एवढंच व्हय? एवढंच?" माझा हात धरून उठली, घरात गेली आणि बसून पोटभर जेवली. सुनेनं वाढलं. मी बघत बसलो. ते जेवण मला माझ्या कुठल्याही जेवणापेक्षा गोड लागलं.

खड्डा मी दुसऱ्या बाजूला नवा करून घेतला. खोटं पुरं करायला खरं खणावं लागलं.

आठवड्यानं सकाळी दारात आलो तर ती टोपली घेऊन विहिरीकडं चाललेली. झेंडू, जास्वंद, वाळलेले हार. आता तिला कसली भीती नव्हती. आसरा रुसलेल्या नव्हत्या. चूक नवऱ्याची होती आणि ती दुरुस्त झाली होती. मी बघत असतानाच तिनं टोपली उलटी केली आणि हात जोडले.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला अर्धं सांगितलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यानं विहीर मरत होती.

मी म्हणालो, फुलं नको टाकू. ती म्हणाली, का? मी म्हणालो, नको म्हणतो ना. ती म्हणाली, देवाची फुलं उकिरड्यावर टाकू का? माझ्याकडं उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. मग मी नेहमीचं केलं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं, विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, बारीक, फूल जाणार नाही अशी, आणि तिला कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला.

त्या वर्षी गणपतीच्या शेवटच्या दिवशी पोरं मूर्ती घेऊन आली. पुढं ही, आरतीचं ताट घेऊन. जाळी पाहून पोरं थांबली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"हीर बंद हाय."

"आवं, लेकरं उभी हायेत. देव हातात हाय."

"देवाला नदी हाय. पालिकेनं हौद केल्यात. तिकडं न्या."

एक पोरगा म्हणाला, "जाऊ द्या ना मावशी, आम्ही घेऊन जातो जी." त्यानं तिच्यासाठीच म्हटलं. पण तिला ते फार लागलं. तिनं ताट सुनेच्या हातात दिलं आणि पदर खोचला. इतकी वर्षं संसार केला, चारचौघांत ती मला कधी उलट शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"जमीन गेली तवा म्या काय बोलले न्हाई. देव डोक्यावर वाहून आणले, तवा तुम्ही घरात चहा पीत व्हता. आता देवाला कुलूप लावलंत. एवढा कसला हो ताठा तुमचा?"

मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगून टाकलं असतं. ती पोरांबरोबर टेम्पोत बसून नदीवर गेली. उशिरा आली. आल्यावर मला भाकरी वाढली, पण बोलली नाही.

ती माहेरी गेली तेव्हा मी गाळ काढायची माणसं बोलावली. तिच्यादेखत मला ते काढायचं नव्हतं. तीन मोटरी लावून पाणी उपसलं. मग खालून यायला लागलं एकेक. मुकुट. अर्धा विरलेला कान. रंग उडालेली सोंड. मूर्तीच्या आतल्या लोखंडी काड्या. नारळाच्या शेंड्यांचा लगदा, आणि काळा गाळ, काजळासारखा, इतका वास की माणसं वर येऊन ओकली. मी बांधाच्या कडेला मोठा खड्डा घेतला. मूर्तींचे तुकडे धुतले, हळदकुंकू वाहिलं आणि मातीआड केले. मंत्र मला येत नाहीत. मी एवढंच म्हणालो, बाबांनो, ती बाई भोळी आहे, तिच्याकडं बघा. गाळ बाहेर पसरला होता. दोन दिवस वारा लागला तसा काळ्याचा तांबूस झाला, गंजासारखा. तेव्हा मला त्या कोटवाल्या बाईचं बोलणं आणखी थोडं कळलं.

नंतर मी रोज उपसा चालू ठेवला. पाणी झाडांना सोडलं, रस्त्यावर शिंपडलं, बांधकामवाल्यांना फुकट दिलं. लोक म्हणाले, म्हातारा पाणी फुकट वाटतोय, याला झालंय काय. दोन-तीन पावसाळे गेले. आधी वास गेला, मग साबणाला फेस आला. एक दिवस सुनेनं न सांगता त्या पाण्यात डाळ लावली आणि मला चमच्यावर काढून दाखवली. बोटानं दाबली तर मऊ. पुन्हा बाटल्या भरून मी शहरात नेल्या. बाई म्हणाली, "आता प्यायला हरकत नाही, उकळून. सरबतही होईल."

मी घरी आलो तो तांब्या भरूनच बायकोपुढं उभा राहिलो. "पी. पहिल्यासारखं झालंय."

तिनं तांब्या घेतला, आत बघितलं आणि खाली ठेवला. "देवाला कुलूप लावून आलेलं पाणी मला न्हाई जायाचं."

नाही प्यायली. जारचं विकतचं पाणी प्यायची. विहिरीकडं जायची ती दगडांना शेंदूर लावायला, जाळीकडं पाठ करून. माझ्याशी बोलायची, नाही असं नाही. भाजीला मीठ कमी आहे का, गोळी घेतली का, वीजबिल आलं का. पण ते आधीचं जवळ येऊन बघणं संपलं. मी आडवा झालो की श्वास बघायला कुणी येत नव्हतं.

शेवटी मूत्रपिंडं गेली तिची, साखरेनं. दवाखान्यात एका दुपारी ती जागी होती. सून डबा आणायला गेलेली. ती म्हणाली, "एक इचारू? खरं सांगाल?"

"इचार."

"खड्ड्याचं पाणी झिरपत व्हतं, ते तुम्ही नीट केलं. मग माझ्या फुलांनी काय केलं व्हतं तुमचं?"

मी तिच्या पायांकडं बघितलं. सुजलेले होते. नर्सनं जोडवी काढायला सांगितली होती, ती तिनं काढू दिली नव्हती.

"काय न्हाई," मी म्हणालो. "फुलांनी काय केलं न्हाई."

"मग?"

"माझा स्वभाव."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. माझ्याबद्दल तिला ते पटणारच होतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर आम्ही बोललो, पण असं काही नाही.

ती गेली. दशक्रिया झाली. फोटोला इतके हार पडले की फोटो दिसत नव्हता. खोल्यांतली पोरं आली, सोडून गेलेलीही आली, लग्न झालेली, बायकापोरं घेऊन. जाताना कुणीतरी ते सगळे हार टोपलीत भरले आणि सुनेला म्हणालं, मावशींच्या विहिरीत सोडा, त्यांचीच आहे. सून टोपली घेऊन आली. विहिरीपाशी मी होतो. तिनं किल्ली मागितली.

"न्हाई."

"आबा, आईंच्या फोटोवरची फुलं आहेत ही."

"म्हणूनच न्हाई."

मागं भावकीतली माणसं उभी होती. कुणीतरी म्हणालं, दगड आहे हा, दगड. मी सुनेच्या हातातली टोपली घेतली आणि बांधाकडं चाललो. खोरं उचललं. मला खणवत नव्हतं. सून मागून आली, तिनं खोरं घेतलं आणि खणायला लागली. तेव्हा मी तिला सांगितलं. प्लास्टरचं सांगितलं, फुलांचं सांगितलं, बिनहवेच्या जिवांचं, चांदीचं. खड्ड्याचं खोटं सांगितलं. इतकी वर्षं जे कुणाला बोललो नव्हतो ते तिला उभ्याउभ्या सांगून मोकळा झालो.

ती थांबून ऐकत होती. तिचे हात मातीचे होते.

"आबा," ती म्हणाली, "आईंना सांगितलं असतंत तर त्यांनी फुलं टाकणं बंद केलं असतं."

"तिला सोसलं नसतं. तुला न्हाई माहीत."

"दोन दिवस रडल्या असत्या. मग टोपलीत भरून याच बांधावर आणून पुरली असती, आणि सगळ्या पोरांना रागावल्या असत्या, शाडूचा आणा म्हणून."

मी टोपली तिच्याकडं सरकवली. तिनं हार खड्ड्यात ठेवले, एकेक, दोरे सोडवून. दोरे बाजूला काढले, नायलॉनचे ते, कुजत नाहीत म्हणून. मग माती लोटली.

मी चुकलो असं मी अजून म्हणत नाही. एकदा म्हणालो होतो, ते खोटं होतं. बायको पोटभर जेवली होती त्या दिवशी, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. सून या घरात कालची, मी बायकोबरोबर सगळा जन्म काढला, मग तिला जास्त कोण ओळखणार? मीच. असं मी रोज म्हणतो. पण सुनेनं ते हातात खोरं धरून पटकन म्हटलं, जराही विचार न करता, जसं एखाद्यानं सांगावं की बाई चहात साखर किती घ्यायची.